शोधलंत काय, कळलं कुणाला?

ऑगस्ट २००६ मध्ये 'एओएल' या अमेरिकी कंपनीने संशोधकांसाठी म्हणून एक भलीमोठी फाइल खुली केली. साडेसहा लाखांच्या आसपास ग्राहकांनी तीन महिन्यांत जे जे सर्च केलं, ते सगळं तिच्यात. नावं काढून क्रमांक दिले होते; तेवढं पुरेल, असा समज. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकाचे शोध वाचले : बधिर बोटं, साठीचे एकटे पुरुष, घरभर मुतणारा कुत्रा, अमुक गावातले बागकामवाले. एवढ्यावरून त्यांनी त्या क्रमांकामागची बाई शोधून काढली.

माणूस डॉक्टरलाही विचारत नाही ते सर्चला विचारतो. नाव न घालताही ओळख पटते, कारण प्रत्येक शोधाबरोबर आयपी पत्ता आणि ब्राउझरमधली कुकी जाते. लॉग-इन असाल तर खातंही.

गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी २००८ साली सुरू केलेलं 'डकडकगो' हे सर्च इंजिन शोध आणि माणूस यांच्यातला हा दुवाच तोडतं. कुकर शोधलात तर कुकरचीच जाहिरात दिसते. काल काय शोधलंत याची नोंद ठेवत नाही, असं कंपनी सांगते. मात्र अब्जावधी पानांची सूची स्वतः बांधणं प्रचंड खर्चाचं, म्हणून त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या 'बिंग'कडून येतात. नेदरलँड्सचं 'स्टार्टपेज' तुमची ओळख गाळून गूगलचे निकाल आणून देतं. 'ब्रेव्ह सर्च'ची सूची स्वतःची. सोवळं कुणीच नाही : २०२२ मध्ये डकडकगोचा ब्राउझर मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर अडवत नसल्याचं उघड झालं, ओरड झाली, मग धोरण बदललं.

तरी लोक बदलत का नाहीत? फोनमध्ये आयतं जे मिळतं तेच वापरलं जातं. त्या जागेसाठी गूगलने एकट्या ॲपलला २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी, गूगलने सर्चमधली आपली मक्तेदारी बेकायदा टिकवली, असा निकाल दिला.

मराठीत शोधायचं तर गूगल अजून उजवं, हे मान्य. अडलं की डकडकगोमध्ये शब्दांआधी '!जी' (जी रोमन लिपीतलं) टाका, तोच शोध गूगलवर जातो. अर्थात तेवढ्यापुरता तो गूगलला कळतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन बदलायला मिनिटही लागत नाही. गूगल खात्यातला जुना साठा मात्र त्याने पुसला जात नाही. तो 'माय ॲक्टिव्हिटी'त जाऊन तुम्हालाच पुसावा लागेल.