तलफेचे पहिले दिवस
विडी-सिगारेट सोडल्यावर रक्तातील निकोटीन सुमारे दर २ तासांनी निम्मे होत जाते आणि त्याच्या अंमलास सरावलेला मेंदू तगादा लावतो. म्हणून पहिल्या ३ दिवसांत चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश यांचा जोर सहसा सर्वाधिक असला, तरी प्रत्येक तलफ काही मिनिटांतच ओसरते, हे ध्यानी धरावे. तेवढी मुदत निभावण्यास पाणी सावकाश प्यावे, दीर्घ श्वसन करावे, फुटाळा तलावाच्या काठाने फेरी मारावी, आणि तर्री-पोह्यांनंतर चहासोबत सिगारेट पेटविण्याचा शिरस्ता असल्यास काही दिवस ती टपरीच वर्ज्य करावी. मात्र सिगारेटऐवजी खर्रा तोंडात टाकणे हा इलाज नव्हे, कारण त्यातही तंबाखूच असते. निग्रह डळमळू लागल्यास निःसंकोचपणे १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी-सेवेकडे समुपदेशन मागावे.