करड्या रंगाचा हट्ट

कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला दृश्य दिसत नाही. समोरून किती प्रकाश परतून येतो आहे, एवढेच त्याला कळते. तो जास्त असेल तर ऊन कडक आहे म्हणून की समोरची वस्तूच पांढरी आहे म्हणून, हे ठरवायला त्याच्याकडे काहीच साधन नाही. त्यामुळे तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो: समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडे आहे. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारी छटा डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध वाटते, आणि छायाचित्रकारांच्या पिशवीतले ग्रे कार्ड त्याच छटेचे असते. मापकांची प्रत्यक्ष जुळणी त्याहून थोडी खाली, १२-१३ टक्क्यांच्या आसपास असते असे म्हणणारे जाणकारही आहेत. त्यांचा वाद जुना आहे.

माती, झाडे, विटांच्या भिंती, माणसांचे चेहरे यांची सरमिसळ असलेल्या चौकटीत हे गृहीतक खपून जाते. टोकाच्या रंगांशी गाठ पडली की ते उघडे पडते. पंढरपूरच्या वाटेवर पांढरे सदरे आणि टोप्या घातलेल्या वारकऱ्यांची दिंडी चौकट भरून आली, तर मापक ती मळकट करडी करून ठेवतो. डबक्यात बसलेल्या म्हशींवर कॅमेरा रोखला, तर त्या राखाडी होतात. दोन्ही वेळा यंत्र बिघडलेले नसते, उलट त्याने नेमून दिलेले काम चोख बजावलेले असते.

हा हट्ट मोडण्यासाठी अधिक-उणे चिन्हांचे बटण किंवा चकती असते. तेच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. त्याचे माप स्टॉपमध्ये चालते. एक स्टॉप अधिक म्हणजे दुप्पट प्रकाश, एक स्टॉप उणे म्हणजे निम्मा, आणि चकतीचा प्रत्येक खटका बहुधा एक तृतीयांश स्टॉपचा. दिंडीसाठी अधिक १, कधी त्याहून थोडे जास्त. म्हशींसाठी उणे १. शिकाऊ हाताला हे उलटे वाटते, कारण आधीच उजळ असलेल्या गोष्टीला आणखी प्रकाश द्यायचा असतो. मापकाने जे कापले ते परत करायचे आहे, हे ध्यानात आले की गोंधळ संपतो.

बटण दाबल्यावर नेमके काय बदलते, ते मोडवर अवलंबून असते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत एफ ८ वर १/५०० सेकंद मिळत असेल, तर अधिक १ केल्यावर शटर १/२५० होतो. शटर प्रायॉरिटीत शटर जागचा हलत नाही, छिद्र मोठे होते. लेन्स आधीच पूर्ण उघडी असेल तर आकडा लुकलुकतो आणि फोटो काळोखाच राहतो. पूर्ण मॅन्युअलमध्ये, ऑटो आयएसओ चालू नसेल तर, या बटणाला बदलायला काहीच हाती नसते.

मापकाला शहाणे करण्याचे प्रयत्न जुने आहेत. कोडॅकच्या सुपर सिक्स-२० या कॅमेऱ्यात १९३८ साली सेलेनियमच्या घटाने स्वयंचलित एक्स्पोजर आणले. टॉपकॉनच्या १९६३ च्या एसएलआरमध्ये मापन लेन्समधून आत आलेल्या प्रकाशाचे होऊ लागले. निकॉन एफएने १९८३ मध्ये चौकटीचे पाच भाग करून त्यांची तुलना सुरू केली, आणि १९९६ च्या एफ५ मध्ये मापकाचे १००५ ठिपके रंगही पाहू लागले. या शहाणपणाची किंमत मात्र आहे. पाठीमागे आकाश दिसताच असा मापक स्वतःच थोडी भर घालतो, पण किती, ते सांगत नाही. त्यावर आणखी अधिक १ दिले तर दुरुस्ती दोनदा होते. मठ्ठ मापक चुकतो तेव्हा ठरलेल्या दिशेने चुकतो. म्हणून बरेच जुने हात अजूनही सेंटर-वेटेड (मध्यभागाला झुकते माप देणारे) किंवा स्पॉट (एका ठिपक्यापुरते) मापन पसंत करतात, आणि त्यांचे बरोबरच आहे.

छायाचित्रकाराची स्वतःचीच खात्री नसते तेव्हा ब्रॅकेटिंग करायचे. स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची चूकही सोसत नसे, म्हणून महत्त्वाचे दृश्य तीनदा टिपले जाई: मापकाप्रमाणे एकदा, थोडे अंडर, थोडे ओव्हर. फ्रेममागे पैसे मोजणाऱ्याला हा विमा महागच पडे. डिजिटल कॅमेऱ्यात तो फुकट झाला आणि त्याच सुमारास त्याची गरजही कमी झाली, कारण हिस्टोग्राम जागच्या जागी दिसतो आणि रॉ फाइल बरेच सावरून घेते. अपवाद उजळ टोकाचा. तिथे सेन्सरचा घट भरला की तपशील कायमचा जातो.

आज ब्रॅकेटिंगचा खरा उपयोग जोडकामात आहे. तो विचार फिल्मपेक्षाही जुना आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून चित्रे छापली, कारण निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असलेल्या कलोडियनवर आकाश कोरे निघे. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये त्याला गणिती पाया दिला: वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून आधी कॅमेऱ्याचा प्रतिसाद शोधायचा, मग दृश्यातला मूळ प्रकाश.

कार्ल्याचे चैत्यगृह यासाठी कसोटीचे ठिकाण आहे. पुढे उन्हाने भरलेली घोड्याच्या नालेच्या आकाराची खिडकी, आत खांबांच्या दोन रांगा, स्तूप आणि वर लाकडी फासळ्या, बहुतेक अंधारात. समजा, आतल्या खांबांना २ सेकंद हवेत आणि खिडकीबाहेरच्या उजेडाला १/२५० पुरतात. फरक झाला ९ स्टॉपचा. आजचा चांगला सेन्सर एका फाइलमध्ये एवढे पेलू शकतो, पण ओढून उजळलेल्या सावलीत नॉइज येतो. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम घेतल्या तर खांबाचा दगड स्वच्छ मिळतो. बदलायचा तो शटर. छिद्र बदलले तर प्रत्येक फ्रेममध्ये स्पष्टतेची खोली वेगळी येते, आणि आयएसओ वाढवून सेन्सरवर एक किरणही जास्त पडत नाही. ऑटो आयएसओ बंद, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक.

इथून पुढे अडचणी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. ती नसेल तर हाती धरून, आयएसओ चढवून, कंटिन्युअस मोडवर बटण दाबून ठेवायचे आणि फ्रेम जुळवण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवायचे; पाच फ्रेमऐवजी तीनवर समाधान मानावे लागते. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे, भाविकांची ये-जा थांबत नाही. पहिल्या फ्रेममध्ये दाराशी असलेला माणूस तिसऱ्या फ्रेममध्ये खांबामागे गेलेला असतो, आणि जोडलेल्या चित्रात त्याचे भूत उरते. सॉफ्टवेअर ते काढते, पण तेवढा भाग एकाच फ्रेममधून घेऊन. म्हणजे तिथे ब्रॅकेटिंग वाया जाते.

जोडून झाल्यावरही पंचाईत असते. एवढी व्याप्ती पडदा दाखवू शकत नाही, ती दाबून बसवावी लागते. हात जड पडला की खिडकीभोवती उजेडाचे कडे येते आणि गुहेतला अंधार, म्हणजे तिचा सगळा स्वभावच, निघून जातो. साध्या एकेरी फोटोतही फसगत होते. काही कॅमेऱ्यांत सावल्या आपोआप उजळणारी सोय चालू असते; मग उणे दिलेले कॉम्पेन्सेशन जेपेगमध्ये दिसतच नाही आणि माणूस बटणालाच दोष देतो. मागचा पडदाही भरवशाचा नाही, उन्हात तो अंधारा वाटतो आणि रात्री गरजेपेक्षा उजळ. कॉम्पेन्सेशन बहुतेक कॅमेऱ्यांत बंद करून चालू केल्यावरही तसेच राहते, त्यामुळे दिंडीचे अधिक १ दुसऱ्या दिवशी म्हशींना लागते.

फोनने भुताची अडचण दुसऱ्या वाटेने टाळली. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ वर आणलेल्या पद्धतीत सगळ्या फ्रेम सारख्याच, मुद्दाम अंडर घेतल्या जातात. उजळ भाग वाचतात, फ्रेम सहज जुळतात आणि अनेकींची सरासरी काढल्याने सावलीतला नॉइज कमी होतो. वापरणाऱ्याच्या हाती तिथे उजेड कमी-जास्त करणारी सरकपट्टी उरते. तिने काळोख मागितला तरी पुढचे गणित सावल्या पुन्हा थोड्या उजळते.