मुंबईच्या घराची खरी किंमत



गटाच्या बैठकीत कर्जमागणीची कारणं वाचली जातात, तेव्हा एक कारण आताशा पुन्हा पुन्हा येतं. मुलाला मुंबईत घर घ्यायचंय. त्यासाठी कुणी पाटल्या मोडते, कुणी मुदत ठेव मोडते, कुणी माहेरच्या वाटणीचे पैसे देते. पैसे गावातून जातात. पण घर केवढं, कागद कुणाच्या नावावर आणि तिथं राहायला महिन्याला किती लागणार, हे पैसे देणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. तीही विचारत नाही, कारण शहरातल्या घराचे शब्दच तिला परके वाटतात. आज ते शब्द सोपे करून घेऊ. उदाहरण घेऊ लालबागचं, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांचं लालबाग-परळशी जुनं नातं आहे.

कापडगिरण्यांमुळे या भागाला गिरणगाव म्हणतात. कोकणातून, साताऱ्या-सांगलीतून, कोल्हापूरकडून माणसं इथं कामाला आली. चाळीतली खोली साधारण दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फूट. त्यात सहा-आठ माणसं. संडास सामाईक, पाणी ठरल्या वेळी. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि पुढे त्या जमिनींवर उंच इमारती आल्या. आज लालबागला चाळ आणि चाळीस मजली टॉवर एकाच रस्त्यावर दिसतात.

आता पहिला शब्द, चटई क्षेत्र. यालाच कार्पेट एरिया म्हणतात. घराच्या आत जेवढ्या जागेवर चटई अंथरता येईल, तेवढी जागा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंती मात्र धरतात. पूर्वी जिना, लिफ्ट, वाट यांचा हिस्सा मिळवून आकडा फुगवून सांगत. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरने चटई क्षेत्रच सांगायला हवं. म्हणून मुलगा म्हणाला, "आई, पाचशे फुटाचं घर आहे," तर विचारा, "चटई क्षेत्र किती?" मग अंगणात तेवढ्या लांबी-रुंदीची रांगोळी काढून बघा. २२५ चौरस फूट म्हणजे पंधरा बाय पंधरा. त्यातच स्वयंपाक, मोरी, संडास आणि झोपणं.

२२५ चौरस फूट हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६९२५ घरांची सोडत काढली, ती घरं एवढीच होती. किंमत साडेसात लाख रुपये. २०१६ ची एक सोडत पनवेलजवळच्या कोन इथल्या घरांची होती. ती ३२० चौरस फुटांची आणि सहा लाखांची. म्हणजे घर मोठं आणि स्वस्तही. पण लालबागपासून ते चाळीस किलोमीटरच्या पुढे. ज्या बाईची धुण्याभांड्याची चार कामं लालबागला आहेत, तिने तिथून रोज कसं यायचं? गाडीभाडं, वेळ आणि सुटलेलं काम मिळवलं तर स्वस्त घर महाग पडतं. घर बघताना हा हिशेब आधी मांडायचा.

इथंच एक महत्त्वाची गोष्ट सांगते. ज्यांचे सासरे, वडील किंवा नवरा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होते, त्यांच्या वारसांचा या घरांसाठी विचार होतो. त्यासाठी जुने कागद लागतात. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, पगाराची पावती. पेटीच्या तळाशी असा एखादा कागद असेल तर तो जपून ठेवा, झेरॉक्स काढा. अर्ज लाखाच्या वर आहेत आणि घरं थोडी, त्यामुळे वाट बघावी लागते. त्या घाईचा फायदा दलाल घेतात. म्हाडाने कुणी दलाल नेमलेले नाहीत. "वरून नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

दुसरा शब्द, पागडी. लालबागच्या अनेक जुन्या चाळींमध्ये खोल्या पागडीच्या आहेत. पागडी देऊन खोली घेतली तरी आपण मालक होत नाही, भाडेकरूच राहतो. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना चाळमालकाची संमती लागते आणि तोही त्याचा वाटा घेतो. म्हणून भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते बघायचं. जुनी, उपकर भरणारी चाळ पाडून नवी इमारत झाली तर राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळण्याचा नियम आहे. ते ज्याच्या नावाची पावती असेल त्याला मिळतं. पैसे देणाऱ्या आईला किंवा बहिणीला नाही.

तिसरा शब्द, नोंदणी. नवं घर बिल्डरकडून घेत असाल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक मागा. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की परवानग्या कोणत्या आहेत आणि ताबा कधी देणार, हे दिसतं. गावातली कॉलेजला जाणारी कुणीही मुलगी मोबाईलवर पाच मिनिटांत बघून देईल. शिवाय करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कोऱ्या पावतीवर, रोखीत, नात्यातल्या माणसाच्या ओळखीवर लाखो रुपये देऊ नका.

आणि नावाचं काय? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरावर वीस हजार रुपये वाचतात. सोबत पुरुषाचं नाव लागलं की ही सवलत जाते. सवलत घ्या किंवा दोघांची नावं लावा, ते घराने ठरवावं. पण जिचं सोनं मोडलं तिचं किंवा सुनेचं नाव करारावर यावं, हा आग्रह धरायला लाजू नका. बोलणं विसरलं जातं, कागद राहतो.

आता महिन्याचा खर्च. समजा वीस लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता होतो सुमारे अठरा हजार. वीस वर्षांत फेडायचे सुमारे ४३ लाख. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, साफसफाई, पहारेकरी यांची वर्गणी. चाळीत हा खर्च नावापुरता असतो. टॉवरमध्ये लिफ्ट बंद पडली तर विसाव्या मजल्यावरची म्हातारी घरातच अडकते, म्हणून तो टाळताही येत नाही. हप्ता बँक ठरवते. मेंटेनन्स आणि बिलं मात्र थोडीफार आपल्या हातात असतात, आणि ती कमी ठेवायची रीत चाळीतल्या बायकांना चांगली माहीत आहे.

पाणी घ्या. मुंबईचं बरंचसं पाणी ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांतून येतं. त्याच तालुक्यातल्या काही पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. नळ गळत असेल तर खाली तासभर तांब्या ठेवा, साठलेलं पाणी मोजा आणि चोवीसने गुणा. मग वायसर लगेच बदलाल. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं शेवटचं पाणी लादीला. चाळीत हे सगळ्याच जणी करत, कारण पाणी भरून ठेवावं लागे. चोवीस तास नळ आला म्हणून ही सवय सोडायची नाही.

वीज घ्या. साठ वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जळतात. नऊ वॉटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. जिन्यात असे पन्नास दिवे असतील तर सोसायटीचं बिल किती उतरेल, तुम्हीच काढा.

कचरा घ्या. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला टाकला जाऊ लागला. २०१६ च्या जानेवारीत तिथं आग लागली आणि धूर शहरभर पसरला. २ ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. घरातही ते जमतं. झाकणाच्या बादलीला बाजूने आणि तळाला भोकं पाडा, खाली नारळाच्या शेंड्या घाला. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा आणि निर्माल्य बारीक करून टाका, वर तेवढाच सुका पाला. आंबट ताक शिंपडा, दोन-तीन दिवसांनी हलवा. दीड-दोन महिन्यांत खत होतं. वास आला तर ओल जास्त झाली समजा आणि सुका पाला वाढवा. माशांचे काटे आणि हाडं त्यात नकोत. बाकी प्लास्टिक, कागद भंगारवाल्याला, जुने कपडे बोहारणीला. आपल्याकडे उकिरडा आहे म्हणून हे सोपं वाटतं. शहरात गेलेल्या सुनेला ही बादली नक्की सांगा.

शेवटची गोष्ट शेजाराची. ती करारात लिहिलेली नसते. चाळीच्या गॅलरीत पापड वाळतात, पोरं खेळतात, आजारी माणसाकडे चार जणी बघतात. याच गिरणगावात बायका खोलीत खानावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालत. त्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये एकत्र केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळालं. आपले बचत गट नंतरचे. एकमेकींची दारं उघडी होती म्हणून ते जमलं. बंद दाराच्या इमारतीतही हे करता येतं. कचऱ्याची बादली, सामाईक गच्चीवरचं वाळवण, महिन्याची एक बैठक, एवढ्यावर सुरुवात होते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत घरासाठी कर्ज मागणारी आली की वहीत पाच प्रश्न लिहा. चटई क्षेत्र किती? नोंदणी आहे का? कागद कुणाच्या नावावर? हप्ता धरून महिन्याचा खर्च किती? तिथून कामाला जायला किती वेळ आणि भाडं लागेल? पाचही उत्तरं मिळाली की मगच पाटल्यांना हात लावा.