गिऱ्हाइकाच्या मनाचा अभ्यास



पऱ्हाटी आपल्या शेतात वाढते. १०० किलो कापूस जिनात गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते; बाकी बहुतेक सरकी. रुईचे सूत, सुताचे कापड, कापडाचा सदरा. यवतमाळजवळ लोहारा येथे तर जीनच्या जाड कापडाचा, म्हणजे डेनिमचा, कारखानाच आहे. पण सदरा कोणत्या रंगाचा शिवायचा, किती नग काढायचे, भाव काय लावायचा, हे कशावरून ठरते? गिऱ्हाइकाच्या मनावरून! आणि हे मन ओळखणे हा आता महाविद्यालयात शिकण्याचा आणि शिकवण्याचा विषय झाला आहे.

तसे पाहिले तर हे काम जुनेच. पुसदचा किंवा दारव्ह्याचा कापडवाला लग्नसराईआधी साड्या भरतो, शाळा उघडण्याआधी गणवेशाचे कापड मागवतो. योग्य माल, योग्य वेळी, योग्य जागी, योग्य भावात आणि बेताच्या नगांत ठेवणे, यालाच मर्चंडायझिंग म्हणतात. अंदाज चुकला की गठ्ठे पडून राहतात.

आता दुकान मोबाइलमध्ये आले. २००७ साली भेटवस्तू विकण्यासाठी निघालेली मिंत्रा कंपनी पुढे कपड्यांकडे वळली आणि २०१४ साली फ्लिपकार्टने ती विकत घेतली. गावचा दुकानदार तुमचा चेहरा पाहतो. हे दुकान तुमच्या बोटाकडे पाहते. कोणत्या साडीवर थांबलात, कोणता भाव पाहून मागे फिरलात, काय परत पाठवलेत, सगळ्याची नोंद होते. मात्र पोत हाताला लागत नाही आणि कपडा अंगाला लावून पाहता येत नाही. माप चुकले की माल परत जातो, आणि त्या जाण्यायेण्याचा खर्च कोणावर तरी पडतोच.

म्हणून मापाचाही अभ्यास होतो. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, भारतीय अंगलटीचा तक्ता करण्यासाठी ६ शहरांतल्या सुमारे २५,००० स्त्रीपुरुषांची मापे घेण्याचे काम हाती घेतले. त्यांत मुंबई आहे, यवतमाळ नाही. मग उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांचा कपडा कसा असावा, हे कोण शोधणार?

आणखी एक गोष्ट. मन ओळखता आले की फसवताही येते, बरं का! ‘फक्त २ नग उरले’ अशी खोटी घाई करणे, न मागता टोपलीत वस्तू घालणे, अशा १३ फसव्या युक्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण युक्ती ओळखायला शिकवणारा माणूस हवा. तो आपल्याच जिल्ह्यातला का नसावा?

वाट अशी आहे. कोणत्याही शाखेची पदवी झाली की प्रवेशपरीक्षा देऊन निफ्टमध्ये फॅशन व्यवस्थापनाची २ वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. १९८६ साली दिल्लीत सुरू झालेल्या या संस्थेचे मुंबई केंद्र खारघरला आहे. गृहविज्ञानातील वस्त्रशास्त्र, वाणिज्य किंवा व्यवस्थापन यांतूनही या विषयाकडे येता येते. पुढे नेट किंवा सेट परीक्षा, अथवा पीएच.डी., आणि मग प्राध्यापकी. ज्याने कापूस वेचला आहे आणि बाजारात भावाची घासाघीसही पाहिली आहे, त्याला या अभ्यासाची निम्मी शिदोरी घरीच मिळालेली असते.

शिक्षकमित्रांनो, नववीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहा. प्रत्येकाने घरातल्या शेवटच्या कपडाखरेदीची नोंद आणावी: कोणी निवडला, कुठे घेतला, किती ठिकाणी भाव पाहिला, परत केला का, आणि का? अशा २० घरांच्या नोंदी फळ्यावर मांडा आणि मुलांना त्यांतले साम्य शोधू द्या. संशोधनाचा पहिला धडा एवढाच असतो.