थांका चित्रकला : प्रमाणशास्त्र आणि चित्रकारांची परंपरा

तिबेटी बौद्ध परंपरेत कापडावर रंगविलेल्या व गुंडाळून ठेवता येणाऱ्या चित्रास 'थांका' म्हणतात. प्रवासात ते सहज नेता येत असे. थांकाकडे पुष्कळदा शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते; वस्तुतः ते उपासनेचे व ध्यानाचे साधन आहे. त्यामुळे प्रमाणबद्धता ही येथे केवळ सौंदर्याची नव्हे, तर ग्राह्यतेची अट ठरते.

या प्रमाणांचे मूळ भारतीय आहे. 'चित्रलक्षण' या ग्रंथाची मूळ संस्कृत संहिता लुप्त झाली. तो तिबेटी तंग्युर संग्रहातील भाषांतररूपाने टिकला आणि बेर्टोल्ड लाउफर यांनी १९१३ मध्ये तो जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध केला. बुद्धाकृतीची उंची एका परंपरेत १२०, तर कालचक्र परंपरेत १२५ अंगुळे मानली जाते. अंगूळ हे येथे ठरावीक लांबीचे नव्हे, तर त्या आकृतीपुरतेच सापेक्ष माप होय. पंधराव्या शतकात मेन्ला दोंडुब यांनी मेन्री शैली घडविली. पुढे कर्मा गाद्री शैलीने चिनी निसर्गचित्रणाचे संस्कार स्वीकारले. भोवतालचे डोंगर, ढग, वृक्ष बदलत गेले. बुद्धाचा देह मात्र मापाच्या रेषांतच राहिला.

सुती कापड लाकडी चौकटीवर दोरीने ताणून त्यावर सरस व खडूची भुकटी यांचा लेप देतात आणि गुळगुळीत दगडाने ते घोटतात. त्यानंतर मापाच्या रेषा, रेखाटन, सरसात कालविलेले खनिज रंग आणि सोने असा क्रम असतो. डोळे सर्वांत शेवटी रेखाटले जातात. चित्राच्या पाठीमागे मस्तक, कंठ व हृदय यांच्या जागी 'ओं', 'आः', 'हूं' ही अक्षरे लिहितात. जुन्या थांकांवर चित्रकाराचे नाव क्वचितच आढळते.

ग्रंथ भाषांतराने टिकला; हाताचे वळण मात्र गुरूजवळ बसूनच येते. १९५९ नंतर अनेक चित्रकार भारत व नेपाळमध्ये आले, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) तिबेटमधील असंख्य थांका नष्ट झाल्या. त्यामुळे निर्वासितांपुढे मुख्य प्रश्न चित्रे जपण्याचा नव्हे, तर शिकविणारी माणसे जपण्याचा होता. धरमशालेजवळील नोरबुलिंका संस्था १९८८ मध्ये याच हेतूने स्थापन झाली. तेथील शिक्षण अनेक वर्षांचे असून रेखाटन पक्के झाल्याखेरीज विद्यार्थ्याच्या हाती रंग येत नाही.

काठमांडूच्या बाजारपेठेचे चित्र निराळे आहे. तेथे तमांग व नेवार चित्रकार पर्यटकांसाठी मोठ्या संख्येने थांका रंगवितात. खनिज रंगांऐवजी पोस्टर रंग वापरून काम लवकर उरकले जाते. याला सरसकट ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल, कारण याच बाजाराने अनेक घरांना उपजीविका दिली आणि नेवारांची स्वतःची 'पौभा' चित्रपरंपरा तर फार जुनी आहे. अडचण निराळीच आहे: खरेदीदारास बहुधा चुकलेले माप दिसत नाही. परिणामी वर्षभर खपून काढलेले चित्र आणि आठवड्यात उरकलेले चित्र एकाच भिंतीवर शेजारी टांगले जाते, आणि तरुण चित्रकार त्या दोहोंच्या किमती पाहून आपला मार्ग ठरवितो.