हिंजवडीच्या वर्गातली अमेरिका



हिंजवडीत ‘ऑनसाइट’ म्हटलं की चौथीतलं पोरसुद्धा अमेरिका समजतं. कंपनीतला शब्द घरातून थेट वर्गात आलाय! पण आपल्या भाषेत अमेरिका आली ती आयटी पार्कच्या कितीतरी आधी. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं होतं. आपल्याकडच्या शूद्रांसाठीही लोकांनी तोच कित्ता गिरवावा, ही जोतीरावांची आकांक्षा. पंडिता रमाबाईंचं १८८९ चं अमेरिकेवरचं पुस्तकही मिळवाच. तिथल्या स्त्रीशिक्षणाचं कौतुक त्यात भरभरून आहे, पण वर्णभेदावर नेमकं बोटही ठेवलंय.

आणि गाणं? परिपाठाला आपण ‘हम होंगे कामयाब’ म्हणतो ना, त्याचं मूळ गाणं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीत गाजलं. गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणलं.

ते म्हणून झालं की मुलांना विचारा, जोतीरावांना अमेरिकेकडून काय हवं होतं आणि ऑनसाइट जाणाऱ्या आई-बाबांना काय हवंय? उत्तरं फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. पालकहो, हाच प्रश्न घरीही येईल; तेव्हा ‘पैसा’ एवढं सांगून सुटू नका.