त्वचेतील तांबे

झाशीच्या जुन्या शहरातील मानिक चौक ही नेहमी गजबजलेली बाजारपेठ. नेवाळकरांच्या राजवटीत या शहरात अनेक मराठी कुटुंबे येऊन राहिली. येथील गणेशमंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला. अशा गावच्या मराठी घराला तांबे नवखे नाही. देवघरातील ताम्हण, पाण्याची कळशी, अंघोळीचा बंब ही सारी त्याच धातूची. परंतु मानिक चौकासारख्या बाजारपेठांतून फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला आज हेच तांबे निराळ्या रूपात भेटू शकते. प्रसाधनाच्या छोट्या बाटलीत निळसर द्रव असतो आणि वेष्टनावर ‘कॉपर पेप्टाइड’ असे छापलेले असते. वय लपेल, सुरकुत्या जातील, असे आश्वासनही सोबत असते. किंमत साध्या मलमाच्या कितीतरी पट. या आश्वासनात सत्य किती आणि व्यापार किती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

प्रथम सत्याचा भाग पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सर्व मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते. प्रमाण अल्प असले तरी काम मोठे आहे. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन आणि लवचीकपणा देणारे इलास्टिन हे प्रथिनांचे धागे आहेत. नुसते धागे असून भागत नाही. ते एकमेकांत गुंफले गेले पाहिजेत. ही गुंफण घडवणाऱ्या विकराला तांब्यावाचून काम करता येत नाही. त्वचेचा व केसांचा रंग तयार करणारे विकरही तांब्यावरच अवलंबून असते.

याचा पुरावा एका करुण रोगाने दिला. १९६२ साली अमेरिकेत जॉन मेंकीस यांनी काही तान्ह्या मुलांच्या विचित्र आजाराचे वर्णन केले. त्यांचे केस पिळलेले आणि ठिसूळ असत व मेंदूचा ऱ्हास होत जाई. १९७२ साली ऑस्ट्रेलियातील डेव्हिड डँक्स यांना हे केस पाहून मेंढ्यांची आठवण झाली. ज्या कुरणातील मातीत तांबे कमी असते, तेथील मेंढ्यांच्या लोकरीचा कुरळेपणा नाहीसा होतो, हे त्या देशात ठाऊक होते. त्यावरून त्यांनी मुलांच्या शरीरातील तांब्याचा अभाव शोधून काढला. अशा मुलांची त्वचाही सैल पडते.

पेप्टाइड म्हणजे अमायनो आम्लांची लहानशी साखळी. १९७३ साली लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवातून तीनच कड्यांची एक साखळी वेगळी केली: ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन. ही साखळी तांब्याचा अणू घट्ट धरून ठेवते, आणि त्या जोडीलाच निळा रंग येतो. विशीतील माणसाच्या रक्तद्रवात दर मिलिलिटरला सुमारे २०० नॅनोग्रॅम असणारे तिचे प्रमाण साठीपर्यंत सुमारे ८० वर येते, असे पिकार्ट यांनी नोंदवले. पुढे १९८८ साली फ्रान्समधील माकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, काचपात्रात वाढवलेल्या त्वचापेशी या संयुगाच्या सान्निध्यात अधिक कोलॅजेन तयार करतात.

येथवर सारे आशादायक आहे. परंतु काचपात्र आणि चेहरा यांत मोठे अंतर आहे. काचपात्रातील पेशी उघड्या असतात. चेहऱ्यावर मात्र त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत, चपट्या पेशींची भिंत स्निग्ध द्रव्याने सांधलेली असते. बाहेरचे पदार्थ आत येऊ न देणे हेच तिचे काम. कोलॅजेन घडवणाऱ्या पेशी तिच्या बऱ्याच खाली असतात. ही साखळी आकाराने लहान असली तरी तिला पाण्याची ओढ आहे, आणि त्या स्निग्ध भिंतीतून जाणे तिला सोपे नाही. माणसांच्या चेहऱ्यांवर काही प्रयोग झाले आहेत. काहींत सुरकुत्या थोड्या उतरल्याचे व त्वचा घट्ट झाल्याचे आढळले. परंतु हे प्रयोग लहान होते आणि थोड्या आठवड्यांत आटोपले. त्यांवरून सौम्य लाभाची शक्यता सांगता येते, तारुण्य परत येण्याची नाही.

तांब्याच्या भांड्यातील पाणी प्यायल्याने किंवा ताम्हण घासल्याचे पाणी तोंडाला लावल्यानेही हे कार्य होत नाही. साखळीने धरलेले तांबे आणि मोकळे तांबे यांचे वर्तन सारखे नसते. मोकळे तांबे पेशींना अपायकारक ठरू शकते. ‘क’ जीवनसत्त्वाचे द्रावण आणि हे प्रसाधन एकाच वेळी लावू नये, असे सांगतात, त्यालाही आधार आहे. तांब्याच्या सान्निध्यात ते जीवनसत्त्व लवकर नासते. आणि चेहऱ्याला लावायच्या वस्तू सुईने टोचून घेणे तर सरळ संकटाला आमंत्रण होय.

कायद्याच्या दृष्टीनेही भेद ध्यानात ठेवावा. १९४० च्या औषधविषयक कायद्याच्या कक्षेत १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनेही आली. परंतु प्रसाधन म्हणजे स्वच्छतेसाठी वा रूप खुलवण्यासाठी वापरायची वस्तू. रोग बरा करणारे औषध नव्हे. प्रसाधनाच्या वेष्टनावर रोग हटवण्याची भाषा दिसली, तर गिऱ्हाइकाने सावध व्हावे. झटपट गोरेपणा देणाऱ्या काही मलमांत पारा किंवा तीव्र स्टिरॉइड आढळले आहे. त्यांच्या तुलनेत तांब्याची बाटली निरुपद्रवी असेल, पण खिशाला ती जड पडते.

चेहऱ्याच्या त्वचेवर बाहेरून सर्वांत मोठा घाव घालते ते ऊन. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात हे वेगळे सांगायला नको. सूर्याचे अतिनील किरण कोलॅजेनचे धागे तोडणारी विकरे जागी करतात. म्हणून डोक्यावरचा पदर, रुंद काठाची टोपी, छत्री, सूर्यरोधक मलम आणि तंबाखूचा त्याग यांनी त्वचेचे जितके रक्षण होते, तितके अद्याप कोणत्याही निळ्या बाटलीने झालेले सिद्ध नाही. डाळी, तीळ आणि शेंगदाणे यांतून साधारण घरालाही पुरेसे तांबे मिळते. ते योग्य जागी पोचवण्याची कला शरीराला उपजतच अवगत आहे. विज्ञान ती हळूहळू शिकत आहे.